धावती मोटार एकाएकी बंद पडते तेव्हा



मोटारगाडी ही आता खानदेशात नवलाईची वस्तू राहिलेली नाही. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करीत जळगावास जाणाऱ्या रस्त्यावर ती अहोरात्र धावत असते. पण धावताना जी गाडी अगदी ओळखीची वाटते, तीच बंद पडली की अनोळखी होऊन बसते. भर वैशाखात, दुपारच्या दोन वाजता, दूरवर झाडाची सावली नाही अशा ठिकाणी गाडी थांबली आणि किल्ली फिरवूनही पुन्हा सुरू होईना, म्हणजे घरातील थोरामोठ्यांचीही मती गुंग होते. कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो पेट्रोलात भेसळ आहे, आणि कोणी काहीच न म्हणता बॉनेट उघडून आत नुसता पाहत राहतो. अशा वेळी कार्यावरून कारणाकडे पायरीपायरीने कसे जावे, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे. उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम स्पोर्ट्स कार, म्हणजे शर्यतीच्या धाटणीची मोटार, घेतली आहे.

ह्या जातीच्या गाड्या आपल्या देशात थोड्या झाल्या. दिलीप छाब्रिया ह्यांनी घडविलेली ‘अवंती’ २०१२ साली दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तिचे दोन लिटरचे एंजिन बैठकीच्या मागे बसविलेले होते. गाडीचे वजन दोन्ही आसांवर नीट वाटले जावे व वळणावर ती स्थिर राहावी, ह्यासाठी अशी रचना करतात. परंतु अशा गाडीत एंजिनाभोवती जागा थोडी असते, वारा बेताचाच पोहोचतो आणि उष्णता कोंडून राहते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे आपणांस ठाऊकच आहे. बाहेर इतकी उष्णता, तर त्या बंदिस्त कप्प्यात किती असेल, ह्याची कल्पना करावी. म्हणूनच ‘तापली की बंद पडते, निवली की सुरू होते’ हा रोग ह्या गाड्यांत विशेष विचार करण्याजोगा आहे.

प्रथम एंजिनाच्या गरजा ध्यानात घेऊ. पेट्रोलच्या एंजिनास चार गोष्टी लागतात : हवा, योग्य प्रमाणात पेट्रोल, त्या मिश्रणावर नळकांड्यात पडणारा दाब, आणि नेमक्या क्षणी उडणारी ठिणगी. चार नळकांड्यांचे एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक नळकांड्यात दोन फेऱ्यांना एक ठिणगी ह्या हिशेबाने मिनिटाला ६००० म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. ह्यांतील प्रत्येक ठिणगी वेळेवर पडावी लागते. ही वेळ सांगण्याचे काम आजच्या गाडीत क्रँक सेन्सर नावाचा एक लहानसा भाग करतो. क्रँकदांड्याबरोबर एक दातेरी चाक फिरते. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असून दोन दाते मुद्दाम वगळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की चाक कोठवर फिरले हे सेन्सरच्या संकेतावरून गाडीतील संगणकास कळते, व त्याप्रमाणे तो पेट्रोल व ठिणगी सोडतो. सेन्सर मुका झाला, तर पेट्रोल असून, बॅटरी असून, एंजिन धडधाकट असूनही गाडी निर्जीव होते.

आता गाडी बंद पडली असे समजा. पहिले काम रोगनिदानाचे नव्हे, माणसे सुरक्षित करण्याचे होय. एंजिन थांबताच स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी निर्वात दाबाची मदतही एकदोनदा पाय दाबण्यापुरतीच उरते. म्हणून ब्रेक वारंवार न दाबता एकदाच ठामपणे दाबावा. गाडी चालती असताना किल्ली काढू नये, कारण तसे केल्याने स्टिअरिंगला कुलूप बसण्याचा धोका असतो. गाडी डाव्या कडेस घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, आणि मुलाबाळांस रस्त्यापासून दूर उभे करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर कदापि उघडू नये. तेथील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होऊन ते तोंडावर उसळते. प्रेशर कुकरचे झाकण वाफ असता उघडू नये हे जिला ठाऊक आहे, त्या प्रत्येक गृहिणीस ह्यामागचे शास्त्र ठाऊक आहे.

माणसे सुरक्षित झाली की पहिला प्रश्न विचारावा : गाडी कशी बंद पडली? वैद्य रोग्याची हकीकत ऐकल्यावाचून औषध देत नाही, तसेच हे आहे. दिव्याची कळ दाबावी तसे एंजिन एका क्षणात थांबले असेल, तर संशय विजेवर जातो. गचके देत, धापा टाकीत, ओढ कमी होत होत थांबले असेल, तर पेट्रोल अपुरे पडत असावे. दिवे हळूहळू मंद होत गेले व बॅटरीचा तांबडा दिवा लागला, तर वीज उत्पन्न करणारा आल्टर्नेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. उष्णतेचा काटा तांबड्या पट्ट्यात असेल, तर एंजिन निवेपर्यंत दुसरे काहीच करू नये. आणखी एक खूण पुष्कळांस माहीत नसते. गाडी गिअरमध्ये असून चाके एंजिनाला फिरवीत आहेत, तरीही फेरे दाखविणारा काटा एकदम शून्यावर पडला, तर बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सरचा संकेत तुटल्याचे ते लक्षण असते.

दुसरा प्रश्न : किल्ली फिरविली असता स्टार्टर एंजिनाला फिरवितो काय? ह्याची उत्तरे तीन प्रकारची असतात. मुळीच फिरवीत नाही किंवा नुसता ‘टक्‌’ असा आवाज येतो, तर बॅटरी, तिच्या तारांची टोके व स्टार्टर ह्यांकडे पाहावे. स्वस्थ पडलेल्या चांगल्या बॅटरीचा विद्युद्दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. स्टार्टर फिरताना तो १० च्या पुष्कळ खाली जाऊ नये, व एंजिन चालू असता १४ च्या आसपास असावा. दुसरा प्रकार म्हणजे एंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर व विचित्र आवाज करीत फिरते. तेव्हा टायमिंग बेल्ट तुटला असल्याचा संभव असतो. येथे पुन्हा किल्ली फिरविण्याचा मोह आवरावा, कारण कित्येक एंजिनांत अशा वेळी दट्ट्या व झडपा एकमेकांवर आपटून शेकड्यांचे काम लाखावर जाते. तिसरा प्रकार म्हणजे एंजिन नेहमीसारखे फिरते, पण पेट घेत नाही. आमच्या पाठाचा खरा विषय हाच.

येथे तिसरा प्रश्न येतो : उणीव पेट्रोलची की ठिणगीची? गाडीत शांतता करून किल्ली केवळ ‘चालू’ स्थितीत आणावी व मागे कान द्यावा. बहुतेक गाड्यांत टाकीतील पंपाची एक-दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती न आली तर पंपाचा फ्यूज व रिले पाहावा. कित्येक गाड्यांत टक्कर झाल्यास पेट्रोल तोडणारी एक कळ असते. ती मोठ्या खड्ड्याच्या हिसक्यानेही उडू शकते, व पुन्हा दाबली की काम होते. रिले सदोष असल्याचा संशय असेल, तर अगदी त्याच जातीचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, क्षणभर तेथे लावून पाहता येतो. गुणगुण येत असेल, तर डॅशबोर्डवरील किल्लीच्या चित्राचा दिवा पाहावा. तो लुकलुकत असला, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही असे समजावे. ठिणगीची परीक्षा मात्र जाणत्या मिस्त्रीने योग्य उपकरणानेच करावी. तेथील विद्युद्दाब हजारो व्होल्टचा असतो, आणि जवळ पेट्रोलची वाफ असते.

चौथा प्रश्न खानदेशच्या उन्हाळ्यात सर्वांत महत्त्वाचा : अर्धापाऊण तास निवल्यावर गाडी आपोआप सुरू होते काय? होत असेल, तर बिघाड उष्णतेने प्रकट होणारा आहे. धातू तापला की प्रसरण पावतो, हे आपण पदार्थविज्ञानात शिकलो. क्रँक सेन्सरमधील केसासारखी तार कोठे तुटत आली असेल, तर तापल्यावर तिची टोके दुरावतात व निवल्यावर पुन्हा भेटतात. इग्निशन कॉइल, पंपाची मोटर व रिले ह्यांतही असेच घडते. १९८० च्या दशकातील पोर्श ९४४ ह्या जर्मन स्पोर्ट्स कारमध्ये मुख्य रिलेचे झाळकाम कालांतराने तडकते व गाडी अवचित थांबते. म्हणून तिचे जाणते मालक एक जादा रिले नेहमी जवळ बाळगतात. गाडी थांबविल्यावर पंखा व पाण्याचे अभिसरण थांबल्यामुळे बॉनेटखालील उष्णता काही काळ उलट वाढते, हेही विसरू नये. ढाब्यावर चहासाठी थांबलेली गाडी पंधरा मिनिटांनी सुरू होण्यास का कुरकुर करते, ह्याचे उत्तर येथे आहे.

अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी ह्या जुन्या गाड्यांत ह्याच उष्णतेचा दुसरा परिणाम दिसे. नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खुंटे, आणि चालक पंपावर ओले फडके ठेवून तो निववीत. आजच्या गाड्यांत पंप टाकीत असतो व पेट्रोल दाबाखाली वाहते, म्हणून तो विकार आता क्वचितच आढळतो. तात्पर्य, आजोबांच्या गाडीचे औषध नातवाच्या गाडीस लागू पडेलच असे नाही.

गाडीच्या संगणकात दोषांचे क्रमांक साठविलेले असतात व मिस्त्री यंत्र लावून ते वाचतो. ‘पी ०३३५’ हा क्रमांक क्रँक सेन्सरच्या मंडलातील दोष दाखवितो. परंतु ‘मंडल’ ह्या शब्दाकडे नीट लक्ष द्यावे. दोष सेन्सरचा असेल, त्याच्या तारेचा असेल, किंवा जोडणीत शिरलेल्या मातीचाही असेल. क्रमांक कोठे पाहावे हे सांगतो, काय बदलावे हे सांगत नाही. हा भेद न ओळखल्यामुळे एकामागून एक भाग बदलले जातात, कष्टाचे पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो. म्हणून आधी मोजावे, मग बदलावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

आता एक उदाहरण सोडवू. एक गाडी मे महिन्यात दुपारी धुळ्याहून निघाली. पारोळ्यानजीक ती गचका न देता एकदम थांबली व फेऱ्यांचा काटा तत्क्षणी शून्यावर आला. स्टार्टर जोमाने फिरतो, पंपाची गुणगुण येते. चाळीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, पण एरंडोलच्या अलीकडे पुन्हा तोच प्रकार घडला. येथे बॅटरी निर्दोष ठरते, कारण स्टार्टर जोमदार आहे. पंपाचा रिले चालतो, कारण गुणगुण आहे. गचके नाहीत, म्हणून पेट्रोल हळूहळू तुटत गेलेले नाही. काटा शून्यावर पडला आणि निवल्यावर गुण आला, ह्यावरून क्रँक सेन्सर व त्याची तार हा प्रबळ संशय. मिस्त्रीने सेन्सरचा विद्युद्रोध थंड असता व तापला असता मोजावा. तापल्यावर तो अमर्याद झाला, तर गुन्हेगार पुराव्यानिशी सापडला.

दुसरे उदाहरण वाचकांनी स्वतः सोडवावे. गाडी सपाटीवर ठीक चालते, पण लळिंगच्या चढावर गचके खाऊन थांबते. पंपाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा व कर्कश आहे. थोडा विसावा दिला की ती पुन्हा चालते, पण पुढच्या चढावर तेच. संशय कोणावर, व तो खरा की खोटा हे कोणत्या एका मापाने ठरेल?

हे काम फक्त मुलग्यांचे, असा कोणाचा समज असेल तर एक इतिहास सांगतो. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्टा बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांसह पतीने बनविलेल्या मोटारीतून जर्मनीतील मानहाइमहून फोर्टझहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या धुळे-जळगावाहून किंचित अधिक. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे वेष्टन गेले, तेथे तिने मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपले, ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतले. त्या काळी वाटेत ना मिस्त्री होता, ना दोषांचे क्रमांक वाचणारे यंत्र. इंधन अडले की ठिणगी अडली, एवढा प्रश्न मात्र तिला नेमका विचारता येत होता.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या गॅरेजात काम करतील, काही गाड्यांचे मालक होतील, काही नुसते प्रवासी राहतील. मिस्त्री होणाऱ्याने गिऱ्हाइकास ‘का बदलले’ हे सांगण्याची तयारी ठेवावी. मालक होणाऱ्याने ते विचारावे, आणि नीट निदान करणाऱ्यास निदानाचेही मोल द्यावे. पालकांसही आमची एक विनंती आहे. गाडी बंद पडली असता जवळ उभ्या असलेल्या मुलास ‘तू बाजूला हो’ असे म्हणून दूर सारू नका. त्याला अथवा तिला सुरक्षित जागी उभे करून विचारा, ‘बंद पडण्याआधी तू काय ऐकलेस?’ पुष्कळदा मोठ्यांच्या गडबडीत हरवलेली खूण त्या लहान कानांनी टिपलेली असते.