पिपनं टाकलं, पण कुणाच्या पायथनमध्ये?

अगं, रडकुंडीला कशाला येतेस? तुझा फोटो पाहिला. खाली लाल अक्षरांत ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’ आणि वर पिप म्हणतंय, ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. दोघंही खरं बोलतायत गं.

तुझ्या लॅपटॉपवर पायथन एक नाही. कॉलेजात सांगितलं म्हणून अ‍ॅनाकोंडा घेतलंस, मग नवी आवृत्ती हवी म्हणून वेगळं पायथन उतरवलंस. प्रत्येकाचं ‘साइट-पॅकेजेस’ नावाचं फोल्डर निराळं. नुसतं ‘पिप’ लिहिलंस की विंडोज पाथच्या यादीत पहिलं सापडेल ते पिप चालवतं, आणि ते आपल्या पायथनच्या घरात माल टाकून मोकळं. भाजी ठेवलीस शेजारणीच्या फ्रीजमध्ये, शोधतेस आपल्या!

तेव्हा पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करणं बंद. लॅपटॉप फॉरमॅट करायचं खूळ तर डोक्यातून काढूनच टाक. जिथे एरर येतोय तिथेच, म्हणजे तुझ्या व्हीएस कोडमध्ये, दोन ओळी चालव: ‘इम्पोर्ट सिस’ आणि ‘प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)’. छापून येईल तो पत्ता तुझा प्रोग्राम चालवणाऱ्या पायथनचा. मग टर्मिनलमध्ये ‘पिप --व्हर्जन’ विचार. त्यात पिप कुठल्या फोल्डरमधलं ते दिसतं, शेवटी कंसात पायथनची आवृत्ती. पत्ते जुळले नाहीत की चोर सापडला.

आता यापुढे एकटं ‘पिप’ लिहायचंच नाही. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज’ असं लिही. फक्त ‘पायथन’च्या जागी मघाचा पूर्ण पत्ता टाक, कारण नुसतं ‘पायथन’सुद्धा पाथवरूनच उचललं जातं. पत्त्यात स्पेस असेल तर अवतरणात घाल; पॉवरशेल असेल तर अवतरणाआधी ‘&’ लागतो. (हा ‘&’ कुणी सांगत नाही, आणि पोरी तासभर अडकून बसतात.) किंवा उलट कर: कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’मधून पांडाज असलेलं पायथनच निवड. ज्युपिटरमध्ये असशील तर ‘%पिप इन्स्टॉल’, टक्क्याच्या चिन्हासकट.

नवीन प्रोजेक्टला मात्र ‘व्हेन्व्ह’, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं घर, कर, आळस नको. 2012 च्या 3.3 पासून ते पायथनबरोबरच येतं. तुझ्या त्या उबुंटूवाल्या मैत्रिणीलाही सांग. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून पिप अडवतं, तेव्हा ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ लिहून पुढे रेटू नकोस म्हणावं. नावातच धमकी आहे!

पत्ते जुळूनही सापडत नसेल, तर नाव तपास. ‘सीव्ही2’ इम्पोर्ट करायचं, पण इन्स्टॉल करताना ‘ओपनसीव्ही-पायथन’ म्हणायचं, ‘पीआयएल’साठी ‘पिलो’. आणि तुझ्याच फाइलला ‘पांडाज.पीवाय’ नाव दिलं नाहीस ना? मग पायथन आधी तीच उघडतं आणि भलताच एरर देतं.

दोन्ही पत्ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. फोटो नको बाई, कॉपी करून टाक.