चोवीस गुरू आणि माझी एक वही

।। श्री गुरुदेव दत्त ।।

बँकेतल्या नोकरीत असताना मी दरवर्षी दत्तजयंतीपूर्वी रजा टाकून श्रीगुरुचरित्राचा सप्ताह करीत असे. नेम कधी चुकला नाही. पण खरं सांगतो, डोळे ओवीवर आणि लक्ष मात्र आज किती अध्याय उरले यावर. कॅशियरच्या हातून दिवसभर नोटा जातात, त्यातली एकही त्याची नसते. तसंच ते वाचन.

निवृत्तीनंतर एकदा नातवाने विचारलं, "आजोबा, दत्तबाप्पांनी चोवीस गुरू केले ना? मग अजगराकडून ते काय शिकले?" मला उत्तर आलं नाही. चोवीस नावं आठवायला बसलो, तर अकरावर अडलो. लाज वाटली. आणि कित्येक वर्षांनी एखादी गोष्ट निव्वळ समजून घ्यावी अशी ओढही वाटली.

ही कथा श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत येते. याच स्कंधावर एकनाथ महाराजांनी 'एकनाथी भागवत' लिहिले आणि 1573 साली काशीत पूर्ण केले. कथेची सुरुवातच मुळी कुतूहलातून होते. यदुराजाला एक तरुण अवधूत दिसतो. जवळ काही नाही, तरी आनंदात. राजा नम्रपणे विचारतो, हा आनंद तुम्हाला मिळाला कुठून? अवधूत सांगतात, मी माझ्या बुद्धीने पुष्कळ गुरू केले. हे अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय, अशी आपली परंपरा मानते.

पृथ्वी, वायू, आकाश यांच्यापासून कोळी आणि कुंभारमाशीपर्यंत ही यादी जाते. यातल्या एकाही गुरूने अवधूतांना समोर बसवून उपदेश केलेला नाही. अवधूतांनी नुसतं पाहिलं, थांबले, आणि पाहिलेलं स्वतःला लावून घेतलं. शिवाय प्रत्येक गुरूचं अनुकरण करायचं असंही नाही. पतंग रूपाला भुलून जळतो, हरीण गाण्याला भुलतं, मासा जिभेपायी गळाला लागतो. हे गुरू 'असं वागू नकोस' म्हणून शिकवतात.

मी एक जुनी वही काढली. पंधरा दिवसांना एक गुरू, असा क्रम ठेवला. अजगर मिळेल ते, गोड असो वा बेचव, खाऊन स्वस्थ राहतो, असं नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "मग भाजीत मीठ कमी पडलं की तुम्ही आजीवर का ओरडता?" वहीत त्या दिवशी तेवढंच लिहिलं.

पुढे मधमाशीची आणि मध काढणाऱ्याची पाळी आली. माशी साठवते, स्वतः खात नाही, कुणाला देत नाही; शेवटी नेणारा तिसराच. लिहिता लिहिता पेन थांबलं. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाने मुलीच्या शिक्षणासाठी पैसे मागितले होते. मी म्हणालो होतो, "मुदत ठेव मोडली तर व्याज बुडतं रे." त्याने कर्ज काढलं. तेव्हापासून आमचं बोलणं लग्नकार्यापुरतंच. बँकेत फरक सापडला नाही की तो सस्पेन्स खात्यात टाकून पुढे जायचो. हाही तसाच टाकून दिला होता.

आठ दिवस मनाशी वाद घातला. मग गावी गेलो. म्हटलं, "चुकलं माझं. राहिलेलं कर्ज आपण मिळून फेडू." तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "पैशाचं राहू दे दादा, जेवून जा." पैसे त्याने आजही घेतलेले नाहीत. पण दर रविवारी त्याचा फोन येतो. ती ठेव अजून बँकेतच आहे आणि तिच्या व्याजाचं मला आता फारसं कौतुक राहिलेलं नाही.

समवयस्क वाचकांना एवढंच सुचवतो. पारायण सोडू नका, पण वाचून झाल्यावर दहा मिनिटं गप्प बसा. धान कांडताना बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कुमारिकेने हातात एकेकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. टीव्ही, मोबाइल, तक्रारी या आपल्या जादा बांगड्या. त्या उतरवल्या की मनात एखादा प्रश्न उमटतो. त्याला हुसकावू नका, त्याच्या मागे जा. आमचं वय झालं, आता काय शिकणार, असं म्हणू नका. यादी संपल्यावर अवधूत आपल्या देहालाही गुरू म्हणतात. दुखणारे गुडघे आणि मंद झालेली नजर घेऊन तो गुरू तर आपल्या घरीच बसला आहे.

माझ्या वहीत सतरा गुरू झाले. सात बाकी आहेत. या वेळी मात्र घाई नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!