जुना प्रोग्राम बंद, उत्तरेही वेगळी

प्रश्न : मी एम.एस्सी. गणिताची विद्यार्थिनी. नवे पॅकेज टाकताच नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीवरचा माझा जुना प्रोग्राम बंद पडला. शिवाय मैत्रिणीच्या लॅपटॉपवर त्याच प्रोग्रामचे शेवटचे अंक वेगळे येत होते. असे का?

उत्तर : सगळे एकाच पायथॉनमध्ये कोंबले की प्रोग्राम असा बंद पडायचाच. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले आणि आधीच्या आवृत्तीवर कंपाइल केलेली कित्येक पॅकेजेस त्यावर चालेनात; तुमच्या नव्या पॅकेजने तीच आवृत्ती आणली असावी. प्रत्येक प्रयोगाला वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. पायथॉनसोबतचे ‘व्हेनव्ह’ पुरते. ‘पिप फ्रीझ’ने आवृत्त्यांची यादी काढून कोडशेजारीच ठेवा.

अंकांतला फरक मात्र बिघाड नव्हे. डबल प्रिसिजनमध्ये साधारण १५-१६ सार्थक अंक मिळतात, आणि बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे हलतात. नमपाय मॅट्रिक्सचे हिशेब ज्या लायब्ररीकडून करून घेते, ती तुमच्याकडे ओपनब्लास आणि मैत्रिणीकडे इंटेलची एमकेएल असेल, किंवा थ्रेड्सची संख्या वेगळी असेल, तरी तो क्रम बदलतो. म्हणून उत्तरे तंतोतंत जुळवत बसू नका, नमपायच्या ‘ऑलक्लोज’ने ताडा. फरक सहाव्या-सातव्या अंकातच दिसत असेल तर मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर, म्हणजे बारीक चूक उत्तरात किती पट वाढू शकते तो आकडा, काढा. तो १० च्या दहाव्या घाताच्या आसपास निघाला, तर दोष लॅपटॉपचा नाही, तुमच्या समीकरणांच्या मांडणीचा आहे.