देवपूजेतील कण्हेर : लागवड व दक्षता

४० अंशांहून अधिक तापणाऱ्या बुलढाणा जिल्ह्याच्या उन्हाळ्यातही हिरवी राहणारी कण्हेर शिवपूजेत मानाची आहे. पावसाळ्याच्या आरंभी तिच्या पक्व फांदीचे वीतभर लांबीचे छाट निचऱ्याच्या जमिनीत लावावेत. काळ्या जमिनीत उंचवटा करावा, म्हणजे मुळांशी पाणी साचत नाही. फुले नव्या फुटीवर येत असल्याने बहरानंतर हलकी छाटणी करून हात स्वच्छ धुवावेत.

कण्हेरीचे मूळ, पान, फूल सर्वच विषारी असून त्याने हृदयाची गती बिघडते. वाळल्यावरही हे विष टिकते. म्हणून फुले देवास अवश्य वाहावीत, परंतु तीर्थात वा नैवेद्यात पडू देऊ नयेत. काटक्या चुलीत जाळू नयेत. कण्हेरमिश्रित निर्माल्य गाईपुढे कदापि ठेवू नये. ते खोल खड्ड्यात पुरावे. बालकाने तोंडात घातल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वरित रुग्णालयात न्यावे, ही भाविकांना नम्र विनंती.