साखर बंद केली तर कॅन्सर उपाशी मरतो का? (विकरं आणि मेंदूत पसरलेला कॅन्सर)



दहावीच्या 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' या पाठात ग्लायकोलायसिस शिकवत होतो. आमच्या डोंबिवलीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, आईचा कॅन्सर मेंदूत गेलाय. घरात साखर बंद केली तर तो उपाशी मरेल ना?" व्हॉट्सॲपवर आलं होतं म्हणे. 'हे परीक्षेला नाही' म्हणून सुटता आलं असतं.

समजुतीत खऱ्याचा अंश आहे. ऑक्सिजन असतानाही कॅन्सरपेशी ग्लुकोजचं लॅक्टेट करतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. पण आपण साखर सोडली तरी यकृत ग्लुकोज बनवतंच. मेंदूला तर ते लागतंच. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. उपाशी राहते ती आई.

मग चयापचयावर इलाज नाहीच का? आहे, पण नेम धरायचा विकरावर. इथे मी पोळी-भाजी केंद्राचं उदाहरण देतो. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर केंद्र, त्यामुळे घरची शेगडी बिघडली तरी अडत नाही. केंद्र नसलेल्या गावी बदली झाली की मात्र शेगडीवाचून हाल! स्तनातून मेंदूत पोचलेल्या कॅन्सरपेशींचं असंच होतं. तिथे बाहेरून मिळणारे मेदपदार्थ कमी, सेरीन हे अमिनो आम्लही कमी. मग ते त्यांना स्वतःच बनवावं लागतं. त्यासाठीच्या शेगड्या म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेज आणि पीएचजीडीएच ही विकरं. २०२० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ही विकरं रोखल्यावर उंदरांच्या मेंदूतली गाठींची वाढ मंदावली. 'उंदरांच्या' हा शब्द फळ्यावर अधोरेखित करा.

खरी अडचण औषध आत नेण्याची. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा सोसायटीच्या वॉचमनसारखा, अनोळखी औषधाला गेटवरच थांबवतो. विकर रोखण्याची कल्पना तशी जुनीच. भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत घडवलेलं मेथोट्रेक्झेट डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर अडवतं. कॅन्सर मेंदूच्या आवरणांत पसरला, तर काही रुग्णांना ते थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचतात. वॉचमनला चुकवून मागच्या दाराने!

मुलीला सांगितलं, डायबेटीस नसेल तर आईचा चहा गोड असू दे, तिचं वजन उतरू देऊ नका. परळला टाटा रुग्णालयात पुढची तारीख होती. आहारतज्ज्ञांना विचारायचे तीन प्रश्न तिच्या वहीत लिहून दिले. चौथा तिने स्वतःच लिहिला, 'आईला श्रीखंड चालेल का?'