गाडीच्या विजेचा लपंडाव : बिघाड कसा शोधायचा?



आमच्या गटाने कर्ज काढून जुनी पिकअप गाडी घेतली. मसाले-पापड आठवडी बाजाराला न्यायची सोय झाली. पण दुसऱ्याच महिन्यात हेडलाइट त्रास देऊ लागले. संध्याकाळी परत येताना मंद व्हायचे, मध्येच जायचे, आणि गाडी खड्ड्यात दणकली की परत लागायचे. गॅरेजमध्ये नेली की सगळं ठणठणीत! आधी बॅटरी बदलली, मग बल्ब बदलले. बिघाड तसाच. एका रात्री वळणावरच दोन्ही लाइट गेले. गाडी चालवणाऱ्या ताईंनी वेळेवर गाडी थांबवली म्हणून निभावलं. तेव्हा आम्ही ठरवलं, आता अंदाजाने एकही वस्तू बदलायची नाही.

असं का होतं?

वीज बॅटरीच्या प्लसपासून निघते आणि फ्यूज, स्विच, वायर यांतून दिव्यापर्यंत जाते. परत येताना मात्र ती बहुतेक गाड्यांत लोखंडी बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे येते. याला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. जायचा रस्ता सगळे तपासतात, यायचा विसरतात. अर्थचा बोल्ट सैल झाला, गंजला, उंदराने वायर कुरतडली किंवा वायर पत्र्याला घासून सोलली, की हादऱ्याने, उष्णतेने, ओलीने जोड तुटतो आणि पुन्हा जुळतो. म्हणून बिघाड कधी दिसतो, कधी नाही.

पायरी 1 : वही ठेवा

गाडीत एक वही ठेवा. दर वेळी लिहा: केव्हा झालं? रस्ता कसा होता? पाऊस होता का? इंजिन गार होतं की तापलेलं? त्या वेळी काय काय चालू होतं? खड्ड्यात होत असेल तर सैल जोड, पावसात होत असेल तर ओल किंवा गंज, गाडी तापल्यावर होत असेल तर इंजिनजवळची वायर, असा पहिला संशय धरा.

पायरी 2 : सोबत काय बिघडतं ते बघा

एकच दिवा जात असेल तर त्याचा बल्ब, सॉकेट किंवा वायर बघा. दोन-तीन गोष्टी एकदम बिघडत असतील तर त्यांचा सामाईक फ्यूज किंवा सामाईक अर्थ शोधा. आमच्या वहीत दिसलं, की लाइट जातात तेव्हा हॉर्नचा आवाजही बसतो. इथेच निम्मं काम झालं.

पायरी 3 : बिघाड मुद्दाम घडवून आणा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद ठेवा आणि लाइट चालू करा. एकीने दिव्याकडे बघायचं. दुसरीने वायरचा एकेक जोड हळूच हलवायचा, ओढायचा नाही. दिवा लुकलुकला की तिथेच थांबा.

पायरी 4 : मीटरने मोजा

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद असताना चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात; इंजिन चालू केल्यावर साधारण 13.5 ते 14.5. हे ठीक असेल तर बॅटरीला दोष देऊ नका.

आता इंजिन बंद करून लाइट चालू ठेवा. काळी सुई बॅटरीच्या मायनसला आणि लाल सुई दिव्याच्या अर्थ वायरला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थमध्ये अडथळा आहे.

वायर जोडलेली आहे का हे नुसत्या ‘बीप’वर ठरवू नका. दहा तारांतली एकच शिल्लक असली तरी मीटर वाजतो, पण हेडलाइटचा भार तिला पेलत नाही. नळाला थेंब येतो म्हणून हंडा भरत नाही, तसंच हे.

आमच्या गाडीत अर्थचा बोल्ट गंजलेला निघाला. बॅटरीची मायनस वायर काढून ठेवली, बोल्ट आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. नवा एकही पार्ट लागला नाही.

जपून!

• हात घालण्याआधी अंगठी, बांगड्या, लोंबणारी साखळी काढा, पदर खोचा. प्लस आणि बॉडी यांच्यात धातू आला तर ठिणगी उडते, हात भाजतो.
• बॅटरी सोडवताना मायनस आधी काढा, जोडताना शेवटी लावा.
• पंख्याजवळ हात नको. काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो.
• फ्यूज त्याच आकड्याचा घाला : लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30 अँपिअर. मोठा फ्यूज किंवा तार घातली तर वायरिंग पेटू शकतं.
• एअरबॅगच्या पिवळ्या आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी वायरला हात लावू नका. ते काम शिकलेल्या माणसाचंच.
• बिघाड सापडेपर्यंत रात्रीची फेरी बंद ठेवा.

पुढच्या बैठकीत करा

गाडी असलेल्या गटाने वहीला सुरुवात करावी आणि अर्थचा बोल्ट कुठे आहे ते मेकॅनिककडून बघून घ्यावं. गॅरेजमध्ये “लाइट जातात” एवढंच सांगू नका. वही पुढे ठेवा आणि विचारा, “दादा, पार्ट बदलायच्या आधी मोजून दाखवता का?” पैसा गटाचा आहे, विचारायचा हक्कही आपलाच.