विमानाच्या तिकिटाची खरी किंमत

एखाद्या वाण्यानें साखरेचा भाव सांगितला आणि पैसे घेतांना गोणपाट, हमाली व गाडीभाडें निराळें मागितलें, तर आपण त्याच्याशीं वाद घालूं. विमानप्रवासांत मात्र ही रीत पुष्कळ वर्षें चालत आली आहे. मूळ भाड्यावर ‘इंधन अधिभार’ म्हणून जी वेगळी रक्कम लावतात, तिचा आज आपण थोडा विचार करूं.

मोठीं विमानें घासलेटाच्याच जातीच्या तेलावर चालतात. कंपनीच्या खर्चांत या तेलाचा वांटा मोठा असतो, आणि त्याचा भाव सारखा वरखालीं होतो. भाव चढला कीं, मूळ भाडें तसेंच ठेवून अधिभार वाढवावा, ही युक्ति येथूनच निघाली. एवढ्यानें ती अप्रामाणिक ठरत नाहीं. दोष शिरतो तो पुढें.

इंग्लंडांतील उदाहरण पाहूं. ऑगस्ट २००४ ते जानेवारी २००६ या काळांत ब्रिटिश एअरवेज व व्हर्जिन अटलांटिक या प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं अधिभाराविषयीं संगनमत केलें. त्या मुदतींत लांबच्या जाण्यायेण्याच्या तिकिटावरील अधिभार ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. व्हर्जिननें प्रकरण स्वतः उघड केल्यामुळें तिला दंड झाला नाहीं. ब्रिटिश एअरवेजला २००७ सालीं १२ कोटि १५ लक्ष पौंडांचा दंड सुनावण्यांत आला, व २०१२ सालीं तो ५ कोटि ८५ लक्षांवर आणण्यांत आला. तेल महागलें होतें हें खरें. पण दोन दुकानें आंतून एक झालीं म्हणजे गिऱ्हाइकानें जावें कोठें?

युरोपीय संघानें २००८ सालीं नियम केला कीं, कर व अधिभार धरून पूर्ण रक्कमच जाहीर केली पाहिजे. हा नियम न्याय्य आहे.

तथापि एक खर्च बहुतेक तिकिटांवर दिसतच नाहीं. १ किलो इंधन जळलें कीं सुमारें ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वायु निर्माण होतो. इंधनांतील कार्बनाशीं हवेंतील प्राणवायूचा संयोग झाल्यामुळें वजन वाढतें. या वायूनें पृथ्वी तापते, आणि त्याची किंमत विमानांत कधींहि न बसलेला शेतकरीसुद्धां भरतो.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें प्रथम बसून खर्चाचा अंदाज करावा, असा बोध लूककृत शुभवर्तमानांतील एका दृष्टान्तांत आहे. तिकीट घेतांना आपणहि प्रथम शेवटचा आंकडा पाहावा. आणि स्वतः हिशेब मांडूं तेव्हां त्यांत कांहींहि झांकून ठेवूं नये.